शेतीचे आकडे कोणाचे?

हजेरीपट मालकाच्याच कपाटात राहिला, तर मजुरीचा वाद कामगाराने कशाच्या आधारे लढवावा? शेतीसंशोधनाच्या आकड्यांचेही असेच आहे.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून सहा गावांत पेरा, मजुरी, कर्ज यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतली चार गावे आपली : सोलापूरकडची शिरापूर व कळमण, अकोल्याकडची कंझरा व किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरे, त्यांत दहा मजुरांची. हे आकडे इतरांनाही मिळाले. म्हणूनच रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञाला १९९४ साली तीन गावांबद्दल दाखवता आले की, एखाद्या घराचे उत्पन्न बुडाले तरी गावाच्या आधाराने त्याचे खाणे बरेचसे टिकते. पण एका गावात भूमिहीनाला हा आधार शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळत होता.

खुले भांडार म्हणजे नुसता कागदांचा ढीग नव्हे. 'उत्पादन १२' एवढ्यावरून काय कळणार? क्विंटल की पोती, एकरी की हेक्टरी, हे शेजारीच लिहिलेले हवे. प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक हवा, प्रती एकाहून अधिक ठिकाणी हव्यात, आणि माणसांची नावे झाकलेली हवीत. नाहीतर कर्जाचा आकडा सावकाराच्या हाती जायचा!

आणि ज्या मजुराने आपल्या घरचा हिशेब सांगितला, त्याला तो मराठीत परत मिळाला पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे. त्याची थकबाकी आहे.