शाळा जाते मुलाकडे

वकिली सोडून बालशिक्षक झालेला माणूस आजही नातेवाइकांना काळजीत टाकेल. गिजुभाई बधेका यांनी हे धाडस शंभर वर्षांपूर्वी केलं. सौराष्ट्रात त्यांची वकिली चालू होती. १९१३ साली मुलगा झाला आणि ह्याला शिकवायचं कसं, हा प्रश्न घरातच उभा राहिला. एका स्नेह्यामुळे मारिया माँटेसोरींचे विचार वाचनात आले. १९१६ मध्ये गिजुभाई भावनगरला नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२०मध्ये तिथं बालमंदिर सुरू झालं. छडी नाही, धाक नाही. गोष्टी, गाणी, नाटकं, माती, पाणी. ह्या भरघोस मिशांच्या गृहस्थाला लोक 'मूछाळी मा' म्हणू लागले.

तीन वर्षांनी त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. मुंबईच्या प्रार्थना समाजी घरात वाढलेल्या, १९१४ च्या पदवीधर. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य बनल्या. मान होता, पगार होता, बंगला होता. मुलीच्या शिक्षणाचा विचार करता करता दक्षिणामूर्तीची माहिती मिळाली आणि त्या ते सगळं सोडून भावनगरला गेल्या. म्हणजे ह्या दोघांनाही बालशिक्षणाकडे खेचलं ते स्वतःच्या लेकरानं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 'शिक्षणपत्रिका' निघाली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाईंचं शिशुविहार उभं राहिलं.

दादरला चांगलं चाललं होतं. (पाटीवर 'माँटेसोरी' आणि आत तीन वर्षांची पोरं ओळीनं बसून एबीसीडी गिरवताहेत, हा प्रकार पुढचा.) खटकत होतं ते एवढंच, की ही पद्धत पैसेवाल्यांच्या मुलांपुरती राहिली होती. माँटेसोरींनी मुळात रोमच्या गरीब वस्तीत काम सुरू केलं होतं. भारतात येईपर्यंत त्याच पद्धतीची साधनं महाग झाली होती. खेड्यात हे करून पाहायचं ताराबाईंनी ठरवलं. १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या.

सोबत होत्या अनुताई वाघ. त्यांची वाट सगळ्यांत खडतर. १९१० साली मोरगावात जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचं पुढचं आयुष्य स्वयंपाकघरातच ठरून जाई. अनुताई शिकल्या, ट्रेनिंग केलं, आधी नाशिक जिल्ह्यात चांदवडला आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची गाठ पडली आणि पस्तिशीतल्या ह्या शिक्षिकेनं पुण्यातली नोकरी सोडली.

बोर्डीत बालवाडी उघडली, तर गावातली सवर्णांची मुलं आली. दलित वस्तीतली येईनात. बोलावणं धाडून, समजूत घालून उपयोग होईना. तेव्हा दोघींनी साधनं उचलली, वस्तीत गेल्या आणि तिथल्याच एका अंगणात मुलं जमवली. आधी अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं. मग गाणी आणि खेळ. अंगणवाडी ती हीच. साधनंही बदलली. समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, बिया, पानं, मातीची बोळकी. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे ओळखायला परदेशी लाकडी ठोकळ्यांवाचून काही अडलेलं नव्हतं.

१९५६ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि वारली पाड्यांनी नवाच पेच टाकला. ह्याच भागातले वारली १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीनं वेठबिगारीविरुद्ध उठले होते. इथली आठ-नऊ वर्षांची पोर शाळेत येत नसे, कारण आईबाप मजुरीला गेले की धाकटं भावंड तिच्याच कडेवर असे. अनुपस्थितीचा शेरा मारून हे सुटणारं नव्हतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ह्या एकत्र मांडणीला विकासवाडी म्हणत. मोठीनं धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. गुरं राखणाऱ्या मुलांना तेही जमेना, तेव्हा शिक्षकच सामान घेऊन रानात जाऊ लागले. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत, अशी ती कुरणशाळा. बालकेंद्री शिक्षणावर परिसंवाद पुष्कळ होतात. पण पोराच्या दिवसाचं वेळापत्रक आधी पाहून मग शाळेचं ठरवणारे लोक विरळाच.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिलं. नाव देशभर पोचलं. पण सेविकेच्या कामात पोषण आहार, वजनं, लसीकरण आणि रजिस्टरं एवढी आहेत, की शिंपल्यांशी खेळायला उरणारा वेळ थोडाच. दोष तिचा नाही.

कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे चालवलं. १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्यासोबत डहाणू तालुक्यातच 'ग्राममंगल' ही नवी संस्था काढली. पानसे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पुढे त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणालाच वाहून घेतलं.