हरकती व सूचना (नगररचना)

महाराष्ट्रातील नगररचनेत हरकती व सूचना म्हणजे शहराच्या प्रारूप विकास योजनेवर नागरिकांनी ठरावीक मुदतीत लेखी नोंदवलेले आक्षेप आणि सुचवलेले बदल होत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याची कलमे २६ ते २८ हा या प्रक्रियेचा मुख्य आधार आहे.

इंग्लंडमध्ये एखाद्या बांधकामाचा अर्ज आला की शेजाऱ्यांना कळवले जाते आणि मत मांडण्यास किमान २१ दिवस दिले जातात. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही. बांधकाम परवानगीचा अर्ज, त्यावरील निर्णय आणि कलम ४७ खालील अपील हा व्यवहार अर्जदार व प्राधिकरण यांच्यापुरताच राहतो. शेजारच्या भूखंडावर शाळा होईल, उद्यान राहील की रस्ता जाईल, हे मुख्यतः विकास योजनेतच ठरते. त्यामुळे रहिवाशांना बोलण्याची खरी संधी तीच असते, आणि योजनेची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा करण्याचे बंधन असल्याने ती फार क्वचित येते.

प्रक्रिया

प्रारूप तयार झाल्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नकाशे पाहण्यासाठी खुले केले जातात. हरकतीत नगर भूमापन क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि कारण स्पष्ट असल्यास तिची छाननी सोपी होते. आलेल्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकतदारांना म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे समितीवर बंधनकारक आहे. एकाच आरक्षणावर शेकडो अर्ज आल्यास सुनावणी गटाने घेतली जाते.

एकच मजकूर छापून हजारो सह्यांनिशी अर्ज देण्याची पद्धत रूढ आहे. अशा अर्जांमुळे लोकभावना कळते. पण ही प्रक्रिया मतदान नव्हे, आणि संख्येवरून आरक्षण उठवण्याचे बंधन कायद्यात नाही. जागेवरची वस्तुस्थिती दाखवणारी एकच हरकत पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. समितीचा अहवाल विचारात घेऊन प्राधिकरण प्रारूपात बदल करते व ते शासनाकडे पाठवते. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. शासनाने मोठे बदल सुचवल्यास तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात.

उदाहरणे

मुंबईचे २०३४ पर्यंतचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नकाशांत अस्तित्वातील वास्तू चुकीच्या दाखवल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले व योजना १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूपावर ८० हजारांहून अधिक हरकती आल्या. पुढे २०१५ मध्ये शासनाने ती योजना महापालिकेकडून आपल्या हाती घेतली आणि २०१७ मध्ये मंजूर केली.

मंजुरीनंतरचे फेरबदल

मंजूर योजनेतील एखादे आरक्षण बदलायचे असल्यास कलम ३७ खालील फेरबदलाची कार्यवाही होते. योजनेचे मूळ स्वरूप त्याने बदलता कामा नये. येथेही हरकतींसाठी सूचना काढावी लागते. मात्र ती एखाद्या भूखंडापुरती असल्याने सहज नजरेतून सुटते. उद्यानाचे आरक्षण उठल्याचे रहिवाशांना अनेकदा कुंपण घातले गेल्यावरच कळते, आणि तोवर मुदत उलटून उच्च न्यायालयात रिट याचिका करण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही.