गोटीचा घाट

गोटी वळशाच्या माथ्यापर्यंत पोचते, क्षणभर तिथंच थबकल्यासारखी वाटते आणि टप्पकन खाली पडते. "सर, परत पडली." मिरजेतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्या शनिवारी हे वाक्य किती वेळा कानावर आलं, ते मोजायचं मी सोडून दिलं. नववीच्या मुलांचा रोलर कोस्टर चालला होता. 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा फळ्यावर शिकवून झालेला, आता तोच हातानं करून बघायचा.

सामान साधंच. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप मधोमध चिरला की दोन पन्हाळी मिळतात. ब्लेड, चिकटपट्टी, शिलाईची टेप आणि काचेच्या गोट्या. पाइपचं एक टोक भिंतीवर चिकटवायचं, मध्ये गोल वळसा घ्यायचा आणि दुसरं टोक टेबलाच्या कडेला आडवं ठेवायचं.

उरुसातले पाळणे सगळ्यांच्या ओळखीचे, पण ते मोटरीवर फिरतात. रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसतं. पहिल्या चढावर साखळी तिला ओढून नेते, पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जिवावर. कमाई एकदाच, मग नुसता खर्च. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला 'नायट्रो' सुमारे 40 मीटर उंच आहे. सरांनी फळ्यावर स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा समोरासमोर मांडली, दोन्हीकडचं वस्तुमान खोडलं आणि उत्तर आलं सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर. घर्षण बाजूला ठेवलं तर गाडीत पैलवान बसो की पोर, वेग तोच. मागच्या बाकावरून "खरंच?" असा आवाज आला. मला त्या 'खरंच?'चं फार मोल वाटलं.

मग गोटीचा वेग मोजायचा. टेबलाची उंची 75 सेंटिमीटर, तिथून जमिनीवर पडायला साधारण 0.39 सेकंद लागतात. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर. गोटी पडली की निळा ठिपका उमटतो. ठिपका टेबलापासून 90 सेंटिमीटरवर, म्हणजे वेग सेकंदाला 2.3 मीटर. गोटी टेबलाच्या वर 60 सेंटिमीटरवरून सोडलेली, सूत्राप्रमाणे 3.4 यायला हवा होता. पोरांचे चेहरे उतरले. सर मात्र खुलले. "हरवलेली ऊर्जा शोधा."

थोडी लगेच सापडली. गोटी नुसती सरकत नाही, गरगरते. भरीव गोटी न घसरता गडगडते तेव्हा तिच्या गतिज ऊर्जेचे सातातले दोन भाग त्या गरगरण्यात असतात. तरी हिशोब जुळेना. ऊर्जेचा तिसरा हिस्सा अजून बेपत्ता होता.

तो एका मुलीनं शोधला, तोही कानानं. तिच्या घरी तंबोरे बनतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ते उचललं आणि 2024 साली इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, कानानंच जमते, ते ती जन्मापासून ऐकत आली आहे. गोटी सुटल्यावर तिनं डोळे मिटले. "गप्प बसा की जरा. दोनदा वाजतंय." वाजतं तिथं दोन पन्हाळींचा सांधा होता. तिनं नखानं चाचपलं: खालचा पाइप केसभर वर आलेला. आवाज म्हणजे गोटीच्या खिशातून पडलेली नाणी. सांधा तासून, पट्टी बाहेरून लावून पुन्हा गोटी सोडली. ठिपका मीटरभर लांब गेला.

वळसा मात्र अडलेलाच. 30 सेंटिमीटर उंचीचा गोल वळसा पार करायला गोटी तळापासून किमान 40.5 सेंटिमीटरवरून सोडायला हवी; प्रत्यक्षात 55 च्या खाली एकदाही जमलं नाही. एकानं वळसा मोठा करायला सुचवलं. इथं सर थांबले, आणि मला वाटतं त्या दिवसाचा खरा धडा इथंच होता. गोल वळसा कितीही मोठा करा, माथा जेमतेम पार होईल एवढाच वेग ठेवा, तरी तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो. 50 किलोच्या मुलाला 300 किलोचा भार, आणि तोही सपाटीवरून वळशात शिरताक्षणी. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप रेल्वे'चा असाच गोल वळसा होता. बसणाऱ्यांच्या माना दुखावत. 1976 साली जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी कॅलिफोर्नियातल्या एका रोलर कोस्टरच्या वळशाला वेगळा घाट दिला: तळाशी ऐसपैस, वर जाईल तसा आवळत जाणारा, टोक खाली असलेल्या उलट्या थेंबासारखा.

"आमच्या रुळांचं असंच असतंय," एक मुलगा म्हणाला. त्याचे वडील रेल्वेत, रुळांच्या कामावर. सरळ रूळ एकदम गोलाईत शिरत नाही. आधी वळण हळूहळू वाढवत नेतात आणि त्याच बेतानं बाहेरचा रूळ उचलत जातात. तसं नसतं, तर मिरज जंक्शनहून निघालेल्या गाडीत पहिल्याच वळणाला चहा सांडला असता. श्टेंगेलचा वळसा आणि रुळाचं हे वळण एकाच घराण्यातलं.

मग दोघांनी पाइपचा तळ दोन्हीकडून ओढून धरला, तिसऱ्यानं माथा चिमटीत घेऊन अरुंद केला. उंची तीच, 30. गोटी 55 वरून सहज गेली. 52, गेली. तंबोऱ्यावाली मुलगी भिंतीवर खडूची खूण सेंटिमीटरनं खाली आणत होती. 49 ला माथ्यावर हलकीशी टिचकी वाजली, तरी गेली. 48 ला पडली.

मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती. तिनं 49 च्या खुणेसमोर तारीख घातली आणि ब्लेड घेऊन पुन्हा सांध्याशी जाऊन बसली.