मुलांच्या मागे गेलेली शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? चार भिंती, फळा आणि घंटा. पण गुरांमागे रानात गेलेल्या पोराला ती घंटा ऐकू कशी यावी? धाकटे भावंड कडेवर घेतलेली पोर वर्गात बसणार कशी?

आमच्या आंबिवलीच्या आसपास कातकरी आणि ठाकर लोकांच्या वाड्या आहेत. तिथली मुले शाळेत टिकत नाहीत, असे आम्ही मास्तर लोक नेहमी म्हणतो. डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्यांच्या जोडीला आल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात भरू लागली. ती अंगणवाडी! पुढे १९७५ साली सरकारने बालविकास योजना काढली आणि हे नाव देशभर गेले.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांचे पाडे. मुले गुरे राखायला जात. मग शिक्षकही कुरणात गेले. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली शिकताहेत. मोजायला बिया आणि खडे, ओळखायला पाने. हिला कुरणशाळा म्हणत. मुलींसाठी दुसरी युक्ती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तान्हे पाळण्यात निजले की थोरली बहीण मोकळी झाली. तिलाही पाटी हाती धरता आली.

आता इमारतीचे बघा. वारल्यांचे घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, वर शेणमाती लिंपायची. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पत्र्याच्या खोलीत मात्र चैत्रात पोरे भाजून निघतात. अशी शाळा बांधण्याआधी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना कुणी काही विचारते का? हल्ली शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे काढतात. छान दिसतात. पण वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठाने. त्या बायांना शाळेत बोलवावे, मुलांना त्यांच्याकडून शिकू द्यावे. रंगाऱ्याने रंगवलेल्या भिंतीपेक्षा ते आम्हाला मोलाचे वाटते.

कातकऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पाऊस तोंडावर आला की परततात. पोरेही बरोबर जातात आणि शाळेची इमारत जागच्या जागी राहते. यावर विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी. तशाच झोपडीत, भट्टीच्या शेजारी वर्ग भरू लागला.

आपल्या कल्याण-भिवंडीकडेही भट्ट्या आहेत. यंदा दिवाळीनंतर आपल्या वाडीतली किती पोरे तिकडे जाणार आहेत, हे आत्ताच मोजून ठेवा. तो आकडा घेऊन मास्तरांकडे जा. शाळा तिकडे कशी न्यायची, ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.