एका मनोऱ्याचा पूल

सावित्री नदी महाबळेश्वरातून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तिच्यावरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. तेव्हापासून नदीत एकही खांब न ठेवणारे पूल मला फार ओढ लावतात. त्यातला सर्वांत देखणा प्रकार म्हणजे असममित केबल-स्टेड पूल, म्हणजेच मनोऱ्यावरून ताणलेल्या तिरक्या केबलनी धरलेला पूल.

वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या मुख्य गाळ्यात मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या केबल एकमेकींना तोलतात. असममित पुलात मनोरा एकाच काठावर असतो आणि लांब गाळा नदीवर जातो. मग त्याची ओढ तोलायची कशी? एक तर मागच्या केबल कातळात किंवा जड काँक्रीटमध्ये घट्ट रोवायच्या. नाहीतर मनोराच मागे कलता ठेवायचा. विहिरीतून भरली कळशी ओढताना आपण मागे रेलतो ना, अगदी तसं! स्पेनमधल्या सेव्हिलच्या आलामिल्लो पुलाचा (१९९२) १४२ मीटरचा मनोरा असाच रेललेला आहे. मागे एकही केबल नाही. त्याचं स्वतःचं वजनच २०० मीटरचा गाळा तोलतं. मात्र हा थाट महाग पडतो.

महाडचा नवा पूल साधा, खांबांवरचाच आहे. तो १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला.