पाटीवरचे ‘मार्गे’

डोंगराळ भागात एसटीची पाटी वाचताना शेवटच्या गावाच्या नावाइतकाच ‘मार्गे’ हा शब्द महत्त्वाचा असतो. डोंगर ओलांडायला घाट मोजकेच असतात आणि एका घाटाची गाडी दुसऱ्या वाटेवरच्या गावांना शिवत नाही.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव याचे चांगले उदाहरण आहे. अहिल्यानगरहून बीडकडे ‘मार्गे जामखेड’ निघालेली गाडी धानोरा, कडा, आष्टी करत जामखेडला पोचते आणि पुढे सौताड्याचा घाट चढते. ‘मार्गे पाथर्डी’ गाडी करंजी घाटाने जाते. तिला कडा लागतच नाही. पाटीवरची ठळक नावे मात्र दोन्हीकडे तीच, म्हणून नवखा माणूस फसतो.

गाडीचा प्रकारही पाहावा लागतो. साधी गाडी वाटेतल्या थांब्यांवर थांबते, विनाथांबा थांबत नाही. विनावाहक गाडीत वाहकच नसल्यामुळे तिकीट स्थानकावरच घ्यावे लागते आणि अधेमधे चढता येत नाही. मुक्कामी गाडी रात्री गावात राहून पहाटे तालुक्याला परतते. आडबाजूच्या वाड्यांतल्या विद्यार्थ्यांचा आणि रुग्णांचा मोठा आधार तीच. ‘फाटा’ म्हणजे गाव नव्हे, गावाकडे वळणारा रस्ता. तिथे उतरल्यावर गाव किती आत आहे, हे वाहकाला आधीच विचारलेले बरे.

भाडे टप्प्यांवर ठरते. एक टप्पा ६ किलोमीटरचा. अंतर रस्त्याचे मोजतात, म्हणून दरीपलीकडे समोर दिसणाऱ्या गावालाही वळणावळणाच्या घाटाचे पूर्ण भाडे पडते. आगाराच्या फलकावरचे ‘रा. प.’ म्हणजे राज्य परिवहन. ‘एसटी’ हे त्याच्याच इंग्रजी नावाचे, स्टेट ट्रान्सपोर्टचे, लघुरूप.

कड्याला आता रेल्वेही आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा मार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हा त्यावर डेमू धावू लागली. डेमू म्हणजे ‘डिझेल इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट’. तिला वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवण्याचा खोळंबा टळतो. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकांवर तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते, तिच्यापुढे बहुधा ‘एमएसएल’ ही अक्षरे असतात. दोन स्थानकांचे हे आकडे ताडून पाहिले की गाडी मधल्या अंतरात किती चढली, ते प्रवाशाला कळते.