ताऱ्यात असतं तरी काय?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतील एका बौद्ध मुलीचे लग्न जमत आले होते. दोन्ही घरे बाबासाहेबांना मानणारी, दोन्हीकडे भिंतीवर तथागतांची तसबीर. साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी बाकी होती. मुलाकडच्या एका नातेवाइकाने हळूच जन्मवेळ विचारून घेतली आणि चार दिवसांनी निरोप आला : मुलगी मूळ नक्षत्रावरची आहे, सासऱ्याला वाईट. बोलणी तिथेच थांबली.

ही मुलगी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आमच्यासोबत काम करते. एका रात्री बैठक आटोपून परतताना घाटमाथ्यावर गाडी थांबली. खाली उतरून तिने वर पाहिले आणि विचारले, "दादा, त्या ताऱ्यात असतं तरी काय, सासऱ्याला मारण्याइतकं?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून उत्तरही चेष्टेने देता येणार नव्हते. ताऱ्यात काय असते, हे माणसाला आज बऱ्यापैकी माहीत आहे. आणि ते कसे कळते, हे समजून घ्यायचे तर ज्यांच्या पृष्ठभागावर भलतीच मूलद्रव्ये दिसतात अशा काही ताऱ्यांकडे पाहावे लागते.

न शिवता कळते कसे?

ताऱ्यापर्यंत कोणी जात नाही. त्याचा प्रकाश मात्र आपल्यापर्यंत येतो. तो लोलकातून पसरवला की इंद्रधनुष्यासारखा रंगपट्टा मिळतो आणि त्यात मध्ये मध्ये काळ्या रेषा दिसतात. ताऱ्याच्या वरच्या थरातील प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगाचा प्रकाश गिळते. लोहाच्या रेषा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसे या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते.

पण ठसा ठळक दिसला म्हणजे ते मूलद्रव्य जास्त आहे, असे होत नाही. सूर्याच्या रंगपट्ट्यात कॅल्शियम आणि लोहाच्या रेषा उठून दिसतात. त्यामुळे सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचा बनलेला असावा, असे मोठमोठे शास्त्रज्ञही धरून चालले होते. हा गैरसमज दूर करण्याची किल्ली दिली ती डॉ. मेघनाद साहा यांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका छोट्या दुकानदाराचा हा मुलगा. कोलकात्यात शिकताना वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांच्या पंगतीत त्यांना बसू दिले जात नव्हते. त्याच साहांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, रेषा किती ठळक दिसेल हे मूलद्रव्याच्या प्रमाणाइतकेच तापमानावर आणि दाबावरही अवलंबून असते.

साहांचे सूत्र वापरून सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मध्ये हिशेब मांडला. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, असे उत्तर आले. हेन्री नॉरिस रसेल या नामवंत शास्त्रज्ञाला ते पटले नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून पेनबाईंना आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षावर आले. मोठ्या माणसाचा शब्दही तपासून घ्यावा लागतो तो असा.

भलतेच दिसणारे तारे

आता विचित्र ताऱ्यांकडे येऊ. हिवाळ्यात रात्री सर्वांत तेजस्वी दिसणारा तारा म्हणजे व्याध. तो आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पृष्ठभागावर सूर्याच्या तुलनेत सुमारे तिप्पट लोह दिसते, कॅल्शियम मात्र कमी.

सप्तर्षींना खेड्यापाड्यांत खाटले आणि तीन चोर म्हणतात. त्या तीन चोरांपैकी खाटल्याच्या अगदी जवळचा तारा अंगिरा. पृष्ठभागाची रासायनिक घडण वेगळी असलेल्या चुंबकीय ताऱ्यांमध्ये आपल्याला सर्वांत तेजस्वी दिसणारा हाच. तो सुमारे ५.१ दिवसांत स्वतःभोवती फिरतो आणि फिरताना त्याच्या क्रोमियमच्या रेषा कमी-जास्त होतात. कारण क्रोमियम तिथे सगळीकडे सारखे पसरलेले नाही, डागाडागांनी आहे.

उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातील एका ताऱ्यावर तर पारा दिसतो, सूर्यावर आहे त्याच्या हजारो पट. हे पाऱ्याचे पट्टे काही वर्षांत जागाही बदलतात, असे निरीक्षणांतून आढळले आहे. तापमापीतला पारा ताऱ्यावर गोळा झालेला!

मग हे तारे लोहाचे, क्रोमियमचे, पाऱ्याचे बनलेले आहेत का? नाही. आतून तेही इतर ताऱ्यांसारखे हायड्रोजन-हेलियमचेच आहेत. हा सगळा प्रकार वरच्या पातळ थरापुरता.

आंबील आणि खळे

असे का होते, याचे उत्तर आमच्या पाड्यांवर रोज दिसते. नागलीची आंबील चुलीवर रटरटत असते तेव्हा पीठ वर-खाली होत राहते आणि सगळीकडे सारखे मिसळलेले असते. भांडे खाली उतरवून ठेवले की पीठ तळाशी बसते, वर निवळ येते. सूर्याचा बाहेरचा भाग सतत उकळतो, म्हणून तिथे सगळे मिसळलेले राहते. व्याधासारख्या जास्त तापलेल्या ताऱ्यांमध्ये मात्र बाहेरचा उकळणारा थर फारच पातळ असतो. त्यातून तारा स्वतःभोवती संथ फिरणारा असेल, तर ढवळणे आणखी कमी. अंगिरासारख्या ताऱ्यांत चुंबकीय क्षेत्रही द्रव्याला स्थिर ठेवायला मदत करते.

अशा शांत थरात दोन ओढी काम करतात. गुरुत्वाकर्षण अणूंना खाली ओढते. आतून बाहेर येणारा प्रकाश त्यांना वर ढकलतो. खळ्यावर भात उफणताना वारा फोलपट उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो, तसेच काहीसे. फरक एवढाच की ताऱ्यात हलका वर आणि जड खाली असा नियम नाही. जो अणू जास्त प्रकाश गिळतो त्याला जास्त धक्का बसतो. म्हणून पाऱ्यासारखा जड अणू वर तरंगतो आणि हेलियमसारखा हलका अणू खाली बसतो. कॅनडाचे शास्त्रज्ञ जॉर्ज मिशो यांनी १९७० मध्ये हे स्पष्टीकरण नीट मांडले आणि आज ते सर्वत्र आधाराला घेतले जाते.

सगळी कोडी सुटलेली नाहीत. १९६१ मध्ये अँटोनी प्रझिबिल्स्की यांनी नरतुरंग तारकासमूहात एक तारा शोधला. त्यात लोहाच्या रेषा क्षीण आणि होल्मियमसारख्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या ठळक. त्याच्यावर अजून वाद चालू आहेत. नैनितालच्या वेधशाळेतील भारतीय शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतील सहकाऱ्यांसोबत अशा ताऱ्यांची स्पंदने शोधण्याची मोठी मोहीमही राबवली.

मूळ नक्षत्राचे काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मूळ नक्षत्र म्हणजे वृश्चिकाच्या नांगीतील तारे. मूळ नक्षत्रावर जन्म म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र त्या ताऱ्यांच्या दिशेला होता, एवढेच. चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, तर त्या नांगीतील ठळक तारे शेकडो प्रकाशवर्षे दूर. एकाच दिशेला दिसण्यापलीकडे त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यांच्यात हायड्रोजन आहे, हेलियम आहे, थोडी इतर मूलद्रव्ये आहेत. सासऱ्याच्या आयुष्याची दोरी त्यात कुठेही सापडत नाही.

इथे आम्हालाही एक मोह होतो. तारा वरून एक आणि आतून दुसरा, माणसाचेही तसेच, असा बोधपर शेवट सहज करता येईल. पण ताऱ्यांकडे पाहून माणसाचा स्वभाव सांगायचा, तर ज्योतिषी दुसरे काय करतो? घ्यायची असेल तर ताऱ्यांकडून नव्हे, ते तपासणाऱ्यांकडून शिकवण घ्यावी. रेषा ठळक दिसली म्हणून साहांनी मान डोलावली नाही. सगळे म्हणतात म्हणून पेनबाईंनी हिशेब बदलला नाही. परंपरेने चालत आले किंवा गुरू म्हणतो, एवढ्यावर काही मान्य करू नका, हे कालाम सुत्तात तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-ताऱ्यांवरून भविष्य सांगून पोट भरणे हा मिथ्या आजीविकेचा प्रकार मानला आहे. नक्षत्र जातकात तर हुबेहूब आमच्या ओळखीतल्या घरासारखी गोष्ट आहे. एका कुटुंबाने श्रावस्तीच्या मुलीशी लग्नाचा दिवस ठरवला, मग एका आजीवकाला विचारले. आधी विचारले नाही म्हणून तो चिडला आणि तारे चांगले नाहीत असे सांगून मोकळा झाला. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्यांनी वाट पाहून मुलीचे लग्न दुसरीकडे लावून दिले. ताऱ्यांचे काहीच गेले नाही, गेले ते वऱ्हाडाचे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पत्रिका मागच्या दाराने येत असेल, तर तिला अडवणे हे आपलेच काम आहे. पुढच्या वेळी कोणी जन्मवेळ विचारली, तर शिक्षण विचारा, कमाई विचारा, दारू पितो का विचारा, रक्तातील सिकलसेलची तपासणी झाली आहे का विचारा. आमच्या भागात हा शेवटचा प्रश्न तर लाखमोलाचा आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जव्हारच्या पठारावर मुलांना आकाश दाखवायचे आम्ही ठरवले आहे. रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे व्याध असेल आणि उत्तर-पूर्वेला खाटले वर येत असेल. दिवस अमावास्येचा निवडला आहे. लोक त्या रात्रीला घाबरतात, पण तारे त्याच रात्री सर्वांत जास्त दिसतात. मुलांना ते ओळखायला ही मुलगीच शिकवणार आहे.